बुजऱ्या पाखराचा विश्वास
(परिसर अभ्यास, इयत्ता तिसरी ते पाचवी : शिक्षकांसाठी पाठ-विवेचन)

१. विषयाचे प्रयोजन

जत्रेतून अथवा आठवड्याच्या बाजारातून निळी, हिरवी, पिवळी चिमुकली पाखरे विकत आणण्याची हौस आता खेड्यापाड्यांतही दिसू लागली आहे. मुलाचा हट्ट पुरविला जातो, दोन दिवस घरात कौतुक चालते. पाखरू मात्र पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते. मग कोणी पिंजऱ्यावर टिचकी मारतो, कोणी आत काडी घालून त्याला डिवचतो आणि अखेर एखादा धीट मुलगा हात घालून त्याला मुठीत धरतो. अशी पाखरे पुष्कळदा थोड्याच दिवसांत दगावतात. 'त्याचे आयुष्यच तेवढे होते' असे म्हणून घरची मंडळी मुलाची समजूत घालतात. वास्तविक नीट जोपासलेले हे पाखरू ५ ते १० वर्षे जगू शकते. त्याचे आयुष्य तोकडे ठरते ते बहुधा भीतीमुळे, उपासमारीमुळे आणि ह्या दोहोंविषयीच्या आपल्या अज्ञानामुळे.

बुजरे पाखरू माणसाळते कसे, ही माहिती म्हणूनच मुलांच्या उपयोगाची आहे. शिवाय निरीक्षण, नोंद, मोजमाप आणि धीर ह्या चार गोष्टींचे शिक्षण ह्या एका विषयातून सहज देता येते. सर्व विवेचनाचे सूत्र एकच आहे, ते शिक्षकबंधुभगिनींनी प्रारंभीच ध्यानी घ्यावे : पाखराचा विश्वास आपणांस घेता येत नाही, तो पाखराने द्यावयाचा असतो, आणि ज्याला दूर जाण्याची मुभा आहे तेच पाखरू आपण होऊन जवळ येते.

२. पाखराची ओळख

बाजारात ज्याला 'लव्हबर्ड' म्हणून विकतात ते पाखरू बहुधा बजरीगर असते. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील व निराळ्या जातीचे. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील लहानसा पोपट होय. त्याचे नावही तेथील आदिवासी भाषेतून आले आहे. पाणी व गवताचे बी जेथे मिळेल तेथे थव्याथव्यांनी भटकत राहणे हा त्याचा मूळ स्वभाव. जॉन गूल्ड ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले आणि तेथून ते घरोघरी पसरले. रानातील बजरीगर हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे इत्यादी रंग माणसाच्या संगोपनात निपजले आहेत.

त्याची लांबी सुमारे १८ सेंटीमीटर आणि रानातील पाखराचे वजन ३० ते ४० ग्रॅम. चोचीच्या वरच्या मऊ भागावरून नरमादी ओळखता येतात : प्रौढ नराचा हा भाग बहुधा निळा, तर मादीचा तपकिरी असतो. अगदी कोवळ्या पिलाच्या कपाळावरील पट्टे थेट चोचीपर्यंत येतात. तीन-चार महिन्यांनी ते मागे सरतात. कोवळे पाखरू लवकर माणसाळते, परंतु मोठे पाखरू माणसाळतच नाही हा समज मात्र खरा नाही.

३. पाखरू बुजते का?

'घारीची सावली अंगणावरून सरकली की कोंबडी काय करते?' हा प्रश्न वर्गात विचारावा. खेड्यातील प्रत्येक मुलाला त्याचे उत्तर ठाऊक असते. कोंबडी आवाज काढते आणि पिले क्षणार्धात तिच्या पंखाखाली अथवा कुंपणात दडतात. लहान पाखरांचे शत्रू पुष्कळदा वरून झडप घालतात. म्हणून वरून येणारा मनुष्याचा हात आणि शिक्रा ह्यांत पाखराला भेद करता येत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. शिकार करणाऱ्या घुबडाचे डोळे समोर असतात, तर ज्याची शिकार होते त्या पाखराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळे त्याला चहूबाजूंचे बरेचसे दिसते. त्याच्याकडे दोन्ही डोळे रोखून एकटक पाहणारा मनुष्य त्याला शत्रूसारखा भासतो. म्हणून पिंजऱ्यापाशी थोडे बाजूला वळून बसावे.

तिसरी गोष्ट अनुभवाची. पावलॉव्हच्या कुत्र्याचा प्रयोग आपण अध्यापनाच्या अभ्यासक्रमात शिकलो आहोत. अन्नाबरोबर पुनःपुन्हा वाजलेली घंटा पुढे नुसती वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटे. पाखराच्या बाबतीत ही घंटा म्हणजे आपला हात होय. हाताबरोबर दाणा आला तर हात दिसताच पाखरू सरसावते. हाताबरोबर मूठ आवळली गेली तर हात दिसताच ते जाळीवर आपटते. पाखरू जे शिकते ते आपणच शिकविलेले असते, मग आपला हेतू कोणताही असो.

४. पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात माणसाळविण्याचा कोणताही यत्न करू नये. पाखराला जागा परिचित होऊ द्यावी.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक असावा, कारण पाखरू आडवे उडते. निदान ६० सेंटीमीटर लांबी असावी आणि जाळीच्या गजांतील अंतर सव्वा सेंटीमीटरहून अधिक नसावे. अन्यथा पाखराचे डोके अडकते आणि साप-उंदरांस वाट मिळते. बसण्यासाठी गुळगुळीत नळीऐवजी पेरूच्या लहानमोठ्या जाडीच्या फांद्या लावाव्यात. कण्हेरीची फांदी चुकूनही लावू नये, ती विषारी असते.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी, म्हणजे पाखराला पाठीमागची चिंता राहत नाही. उंची माणसाच्या छातीइतकी असावी. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील पाखराला सारे जग वरून येते. स्वयंपाकघर पूर्णपणे वर्ज्य मानावे. चुलीचा धूर पाखराच्या नाजूक फुप्फुसांस बाधतो, आणि हल्ली घरोघरी असलेला न चिकटणारा तवा फार तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफेने लहान पाखरू काही मिनिटांत मरू शकते. मांजराची येजा, कडक ऊन व थेट वारा ह्यांपासूनही पिंजरा दूर ठेवावा.

रात्री तीन बाजूंस पातळ सुती कापड टाकावे, परंतु खोलीत मिणमिणता उजेड असू द्यावा. पूर्ण अंधारात काही खुट्ट झाले तर ही पाखरे घाबरून जाळीवर आपटतात व पंख मोडून घेतात. असे झाल्यास हळूच दिवा लावून मृदू आवाजात बोलावे. हात आत घालू नये.

आता अत्यंत महत्त्वाची बाब. बजरीगर दाणा सोलून खातो आणि फोलपटे भांड्यातच टाकतो. वरून भांडे भरलेले दिसते, पण आत नुसती फोलपटे असतात. असे 'भरलेले' भांडे पाहून निश्चिंत झालेल्या घरांतून पाखरे उपाशी मेली आहेत. रोज सकाळी भांड्यावर फुंकर मारून फोलपटे उडवावीत आणि खाली किती दाणा उरला ते पाहावे. राळे, वरी व बाजरी हे त्याचे मुख्य अन्न. जोडीला धुतलेली कोथिंबीर किंवा पालक आणि चोच घासण्यास समुद्रफेन द्यावा. नवे पाखरू भीतीने पहिले काही तास दाण्याला शिवत नाही. अशा वेळी थोडा दाणा पिंजऱ्याच्या तळाशीही पसरावा. पूर्ण एक दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, अथवा ते पिसे फुलवून तळाशी बसून राहिले, श्वासाबरोबर शेपटी खालीवर हलू लागली, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठण्यास विलंब करू नये. रानातील दुबळे पाखरू शत्रूच्या नजरेत चटकन भरते, म्हणून पाखरे आजार लपवितात. तो दिसू लागतो तेव्हा बहुधा बराच वाढलेला असतो.

५. विश्वासाच्या पायऱ्या

पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात. प्रत्येक बैठक दहा-पंधरा मिनिटांची, दिवसातून दोनदा, शक्यतो ठरल्या वेळी असावी. एका पायरीवर पाखरू निश्चिंत झाल्याखेरीज पुढची घेऊ नये. भीतीचे पहिले चिन्ह दिसताच थांबावे व किंचित मागे सरावे.

पहिली पायरी, सहवास. मुलाने पिंजऱ्यापासून चार-पाच हात अंतरावर बसून आपला गृहपाठ करावा. पाठ्यपुस्तकातील धडा सौम्य आवाजात मोठ्याने वाचावा. पाखराकडे टक लावून पाहू नये. मुलाचे वाचन होते आणि पाखराच्या कानी त्याचा आवाज बसतो.

दुसरी पायरी, सूचना. पिंजऱ्याकडे जाताना दुरूनच नेहमीचा एखादा शब्द उच्चारावा, पाखराचे नाव घ्यावे. अकस्मात कोपऱ्यावरून पुढे येऊ नये. पुढे काय होणार हे ज्याला कळते त्याची भीती निम्मी सरते.

तिसरी पायरी, बाहेरून दाणा. राळ्याचे कणीस बजरीगराला अतिशय प्रिय असते. ते जाळीतून थोडे आत सरकवून दुसरे टोक धरून ठेवावे. हात स्थिर असावा आणि पाखराच्या पायांच्या पातळीहून खाली असावा. पहिल्या दिवशी पाखरू येणार नाही, कदाचित चौथ्या दिवशीही येणार नाही. कणीस त्याच्या चोचीकडे ढकलू नये. अंतर पाखरानेच तोडावयाचे आहे.

चौथी पायरी, आतील हात. दार उघडून कणीस धरलेला हात दाराशीच स्थिर ठेवावा. पाखरू येऊन खाऊ लागले की त्याला खाऊ द्यावे. त्याच क्षणी त्याला पकडण्याचा मोह आवरावा. एकदा केलेला हा विश्वासघात अनेक आठवड्यांचे काम पुसून टाकतो.

पाचवी पायरी, बोटाची फांदी. हातातील कणीस निर्भयपणे खाणाऱ्या पाखराच्या पायांच्या किंचित वर, पोटाशी, तर्जनी आडवी धरावी. पोपटवर्गीय पाखरांच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात, त्यामुळे त्यांची पकड मजबूत असते आणि समोर आलेल्या फांदीवर ती सहज पाऊल टाकतात. पाखरू चढले की लगेच एखादा दाणा द्यावा आणि उतरावयाचे असेल तर उतरू द्यावे.

सहावी पायरी, खोलीतील मोकळीक. ही घाईने घेऊ नये. दारे-खिडक्या बंद कराव्यात, काच व आरसा कापडाने झाकावा, पाण्याची भांडी झाकावीत, आणि सर्वांत आधी छताचा पंखा बंद आहे ना हे पाहावे. पाखराला धरून परत पिंजऱ्यात कोंडू नये. दाणा-पाणी पिंजऱ्यातच असले आणि दार उघडे असले म्हणजे ते भुकेच्या वेळी आपण होऊन परतते.

ह्या पायऱ्यांना काही पाखरांस दोन आठवडे पुरतात, तर काहींस कित्येक महिने लागतात. ज्या पाखराने पूर्वी फार त्रास सोसला आहे ते कदाचित हातावर कधीच बसणार नाही. आपल्या देखत ते दाणा खाते, पिसे साफ करते, गुणगुणते, एवढे साधले तरी काम सफल झाले असे मानावे.

एकटे पाखरू लवकर माणसाळते म्हणून एकटेच ठेवावे, असा सल्ला काही विक्रेते देतात. परंतु हे थव्यातील पाखरू आहे. घरात दिवसभर कोणी नसेल तर त्याला सोबती हवाच, मग माणसाळण्यास थोडा अधिक काळ लागला तरी चालेल.

६. पाखराची भाषा

भीतीची चिन्हे : पिसे अंगाशी घट्ट चिकटविणे, मान लांब करून काठीसारखे ताठ उभे राहणे, एकाएकी स्तब्ध होणे, जलद श्वास, फांदीच्या दूरच्या टोकाकडे सरकणे.

स्वस्थतेची चिन्हे : एक पाय पोटाशी घेऊन बसणे, चोचीने पिसे साफ करणे, एका बाजूचा पंख व पाय एकत्र ताणणे, चोच घासून कुरकुर असा बारीक आवाज करणे, मंद गुणगुणणे आणि आपल्या देखत खाणे.

येथे एक गोष्ट आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने मनोरंजक आहे. अर्थ न समजता केलेल्या पाठांतरास आपण 'पोपटपंची' म्हणतो. पण बजरीगर आवाज उचलतो तो सोबत्याशी नाते जोडण्यासाठी. जोडी जमली की नर आपल्या मादीच्या हाकेची नक्कल करू लागतो. घरात माणूसच त्याचा थवा झाला म्हणजे तो माणसाचे शब्द उचलतो. ज्याच्याशी सलगी नाही त्याचे शब्द तो सहसा शिकत नाही. पोपटाला शब्दाचा अर्थ कळत नसेल, पण माणूस कोणता हे त्याला चांगले कळते. इयत्ता पहिलीच्या दाराशी आईचा पदर धरून उभ्या राहिलेल्या मुलाला अक्षरांपूर्वी काय द्यावे लागते, हे जाणणाऱ्या शिक्षकास ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

७. कटाक्षाने टाळावयाच्या गोष्टी

(अ) उपाशी ठेवून माणसाळविणे. ही समजूत जुनी आहे, परंतु एवढ्या लहान जिवाला एक दिवसाचा उपासही घातक ठरू शकतो. आवडता दाणा हाताने द्यावा, रोजचा दाणा मात्र भांड्यात सदैव असावा.

(आ) मुठीत आवळणे. माणसाप्रमाणे पाखराला श्वासपटल नसते; छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हाच त्याला श्वास घेता येतो. छाती दाबली तर नाक-तोंड मोकळे असूनही ते गुदमरते. औषधोपचारासाठी धरणे भागच पडले तर मऊ फडक्यात, मान दोन बोटांत अलगद सांभाळून आणि छातीवर यत्किंचितही दाब न देता, मोठ्या माणसानेच धरावे.

(इ) पंख छाटणे, पिंजरा हलविणे, तोंडावर फुंकर मारणे, शिक्षा म्हणून पाणी उडविणे अथवा चादर टाकणे. पाखराला शिक्षेचे कारण कळत नाही, केवळ शिक्षा करणारा कळतो.

(ई) अस्वच्छता. पाखरांपासून माणसाला फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. पिंजऱ्यातील विष्ठा सुकी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

८. कायद्याची बाजू

राघू, मैना, मुनिया, बुलबुल इत्यादी आपल्या रानातील पाखरे पकडणे, विकणे अथवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. हे विवेचन परदेशी मूळ असलेल्या व पिंजऱ्यातच निपजलेल्या बजरीगरापुरते आहे. त्याचा आधार घेऊन कोणी ढोलीतील राघूची पिले काढू नयेत, हे मुलांस स्पष्ट सांगावे. कोणाच्या घरी राघू असल्यास पालकांस विश्वासात घेऊन वन विभागाशी संपर्क करण्यास सुचवावे. त्याचप्रमाणे पुण्य म्हणून बजरीगर मोकळे सोडणेही योग्य नाही. आपल्या रानात त्याला अन्न शोधता येत नाही आणि शिकारी पक्ष्यांपासून बचाव करता येत नाही; ते सोडणे म्हणजे त्याला मारणेच होय.

९. वर्गातील उपक्रम : अंतराची नोंद

पाळीव पाखरू शाळेत आणवू नये. चाळीस मुलांच्या गराड्यात त्याची जी अवस्था होईल ती ह्या पाठाच्या नेमकी विरुद्ध आहे. ज्यांच्या घरी पाखरू आहे त्यांनी निरीक्षणवही आणावी. उरलेल्या सर्व मुलांसाठी शाळेच्या आवारातील चिमण्या, साळुंक्या व होले पुरेसे आहेत. पाळीव असो की रानटी, भीती आणि विश्वास ह्यांचा नियम तोच आहे.

आवारातील एक शांत जागा निवडून तेथे रोज एकाच वेळी मूठभर बाजरी व कणी टाकावी आणि उथळ भांड्यात पाणी ठेवावे. तेथून १० मीटरवर फक्कीची रेघ आखावी. एका मुलाने रेघेवर दहा मिनिटे निश्चल बसावे, इतरांनी वर्गातून पाहावे. सलग तीन दिवस पाखरे दाणे टिपण्यास आली म्हणजे रेघ एक मीटर पुढे घ्यावी. न आल्यास एक मीटर मागे न्यावी. नोंदीचे रकाने असे असावेत : दिनांक, अंतर, आलेल्या पाखरांची संख्या, पहिले पाखरू येण्यास लागलेली मिनिटे, विशेष घटना. एखाद्या दिवशी कोणी धावत गेले अथवा कुत्रे आले, तर त्यानंतर पाखरे पूर्वीच्या अंतरावर परत येण्यास किती दिवस लागले ते अवश्य मोजावे. महिन्याच्या शेवटी मोठ्या मुलांनी ह्या अंतराचा आलेख काढावा. पाखरांस हाताने पकडणे अथवा हातातून भरविणे हा ह्या उपक्रमाचा हेतू नाही; दोन-तीन मीटरवर थांबावे, कारण रानातील पाखराने माणसापासून थोडे सावध राहणेच त्याच्या हिताचे आहे.

१०. विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. पाखराचे डोळे डोक्याच्या बाजूंस का असतात? घुबडाचे समोर का?
२. हात वरून आणू नये ह्याचे कारण सांगा.
३. भांडे भरलेले दिसूनही पाखरू उपाशी कसे राहते? ते कसे तपासाल?
४. छाती दाबल्याने पाखरू का गुदमरते?
५. तुमच्या आलेखात अंतर कोणत्या दिवशी वाढले? त्या दिवशी काय घडले होते?
६. तुमच्या वर्गात नवा विद्यार्थी आला तर पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्याशी कसे वागाल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांस सांगू नये. आलेख भिंतीवर लावलेला असू द्यावा आणि उत्तर ज्याचे त्याला शोधू द्यावे.